ड्यू डेट, कट-ऑफ आणि रात्रीचे बारा

मूडलवर, म्हणजे आमच्या कॉलेजच्या ऑनलाईन कोर्सच्या सॉफ्टवेअरवर, असाइनमेंट टाकताना 'अव्हेलेबिलिटी' म्हणून एक भाग येतो, आणि आमच्याकडचे अर्धे लोक तो न पाहताच खाली स्क्रोल करून सेव्ह मारून देतात. मग दोन दिवसांनी पोट्टे विचारत येतात, "मॅडम, सबमिट काहून नाही होऊन राहिलं?" आणि सगळा दोष बिचाऱ्या सर्व्हरवर जातो. म्हणून म्हटलं लिहूनच टाकावं एकदा, स्टाफरूममध्ये दर सेमिस्टरला तेच तेच सांगून कंटाळा आला आहे.

तर तिथं तीन तारखा महत्त्वाच्या. 'अलाऊ सबमिशन्स फ्रॉम' म्हणजे कधीपासून फाईल टाकता येईल, हे सगळ्यांना कळतं. घोळ होतो पुढच्या दोघींत. ड्यू डेट उलटली तरी मूडल दार बंद करत नाही, पोरगा नंतरही फाईल टाकू शकतो, फक्त किती उशीर झाला ते त्याच्या नावापुढं लाल रंगात दिसते. दार बंद करते ती कट-ऑफ डेट. ती एकदा गेली की एक्स्टेन्शन दिल्याशिवाय काही जात नाही. आणि कट-ऑफचा टिकमार्क लावलाच नाही तर? तर मग दार उघडंच, दिवाळीची असाइनमेंट होळीला आली तरी मूडल मुकाट्यानं घेते.

आमच्याकडं बरेच जण दोन्ही तारखा एकच ठेवतात, का तर शिस्त. मला नाही पटत. कॉलेज हिंगण्याकडं, अर्धे पोट्टे कामठी, उमरेड, काटोलवरून येणं-जाणं करतात, घरी पोचेस्तोवर संध्याकाळ होते, गावात लाईट गेली तर नेटही गेलं. त्यात एक गोष्ट लक्षात घ्या, मूडल वेळ धरते ती सेव्ह झाल्याची, अपलोड सुरू केल्याची नाही, त्यामुळं मोठी पीडीएफ शेवटच्या मिनिटाला चढवत बसलेला पोरगा खराखुरा मेहनती असला तरी बाहेरच राहतो. मी मध्ये दोन-तीन दिवसांची फट ठेवते. उशिराचे मार्क कापायचे तर कापा, पण फाईल तर हातात येऊ द्या! तुमच्या असाइनमेंटमध्ये 'सबमिट' बटण दाबणं कम्पल्सरी ठेवलं असेल तर फाईल चढवूनही ती ड्राफ्टच राहते, आणि दर बॅचमध्ये दोघं-चौघं तरी "मॅडम मी तर टाकलं होतं" म्हणत येतातच. खरंच टाकलेलं असतं त्यांनी, बटण दाबलेलं नसतं. ती फट असली की त्यांना शोधून फोन करायला वेळ मिळतो.

आता रात्रीचे बारा. १२ तारीख आणि वेळ ००:०० असं राहून गेलं तर डेडलाईन संपते ११ तारखेच्या रात्री, म्हणजे १२ ला निवांत बसून लिहू म्हणणारा अख्खा वर्ग लेट. २३:५९ केलं की हा गोंधळ मिटतो, पण मी तर सरळ संध्याकाळी ६ ठेवते. तोवर लॅब असिस्टंट असतात, मी फोन उचलते. रात्री बाराला अडकलेल्या पोट्ट्याला कोण उत्तर देणार आहे?

वेळ बरोबर टाकूनही कुण्या एकालाच भलतीच दिसत असेल तर त्याच्या प्रोफाईलमधला टाईमझोन पाहा. तिथं यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) पडलेलं असलं की आपले रात्रीचे २३:५९ त्याला संध्याकाळचे ६:२९ दिसतात, साडेपाच तासांचा फरक. ॲडमिननं सगळ्यांसाठी एशिया/कोलकाता फोर्स करून टाकलं की किटकिट संपली.

अ बॅचचं प्रॅक्टिकल सोमवारी आणि ब बॅचचं गुरुवारी असं असेल तर दोन वेगळ्या असाइनमेंट बनवत बसू नका (लोक बनवतात बरं, आणि मग ग्रेडबुकमध्ये डबल कॉलम!). ग्रुप ओव्हरराइड करा, प्रत्येक ग्रुपला आपापल्या तारखा. एखादा ॲडमिट आहे, कुणाच्या घरी लग्न आहे, त्याला युजर ओव्हरराइड द्या किंवा सबमिशनच्या यादीत त्याच्या ओळीतून एक्स्टेन्शन. ग्रुप आणि युजर दोन्ही ओव्हरराइड लागले असतील तर युजरवालाच चालतो.

जुना कोर्स नव्या बॅचसाठी साफ करून पुन्हा वापरताना, म्हणजे रीसेटमध्ये, कोर्सची सुरुवातीची तारीख बदलली की आतल्या सगळ्या तारखा तेवढ्याच दिवसांनी पुढं सरकतात. भारी सोय आहे, पण मूडलला आपले सण थोडेच माहीत. आमच्या एका सरांची ड्यू डेट अशी सरकत सरकत नेमकी तान्ह्या पोळ्याच्या दिवशी जाऊन बसली, म्हणजे मारबतीच्या दिवशी, जेव्हा नागपुरात "इडा पिडा घेऊन जा गे मारबत" म्हणत पुतळ्यांची मिरवणूक निघते आणि इतवारी-महालात पाय ठेवायला जागा नसते. पोट्ट्यांनी ग्रुपवर टाकलं, "असाइनमेंट घेऊन जाऽऽ गे मारबत!" सरांनी तारीख गपचूप पुढं ढकलली. तेव्हा रीसेट केल्यावर कॅलेंडर काढून प्रत्येक तारीख पाहायचीच.

राहिली चौथी तारीख, 'रिमाइंड मी टू ग्रेड बाय'. ही आपल्यासाठी, तपासायची मुदत. पोट्ट्यांना ती दिसत नाही आणि उलटली तर आपलं काही बंदही होत नाही, त्यामुळं स्टाफरूममध्ये हिच्याबद्दल मात्र कुणीच काही विचारत नाही.