हेलसिंकीत शिकणाऱ्या मुलांचं जेवण आणि तब्येत

फिनलंडला मुलं शिकायला निघाली की आईवडिलांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, 'जेवणाचं काय?' त्यांना मी अगदी निर्धास्तपणे सांगते, दुपारची काळजी सोडा.

हेलसिंकी विद्यापीठात युनिकॅफेची उपाहारगृहं आहेत. विद्यार्थी असल्याचा पुरावा दाखवला की साधारण तीन युरोत पोटभर जेवण मिळतं, बाकीचा भार 'केला' ही सरकारी संस्था उचलते. १९७९पासून हे अनुदान चालू आहे. पण पैसे मिळायचे तर जेवण सकस हवं, ही अट. रांगेच्या तोंडाशीच नमुन्याचं ताट मांडलेलं असतं: अर्ध्या ताटात भाज्या आणि सॅलड, पाव भागात बटाटे नाहीतर भात, उरलेल्या पाव भागात मासे, मांस किंवा कडधान्यं. सोबत 'राय' या धान्याचा काळसर पाव आणि दूध. शाकाहारी माणसाची उपासमार होत नाही. तिखटमीठ मात्र आपल्या जिभेला कमीच लागतं.

पुण्यात मेस बंद असली की वडापाव आणि रात्री मॅगी, यावर परीक्षा काढणारी किती मुलं मी पाहिली आहेत! त्यांना 'नीट खा' हे काय माहीत नसतं? परवडणारं आणि वर्गाजवळ मिळणारं हवं असतं. इथे नेमकं तेच केलंय, म्हणून मला ते इतकं मोलाचं वाटतं.

डिसेंबरात दिवस जेमतेम सहा तासांचा. अंधाराने मन खचतं, झोप बिघडते, खोलीबाहेर पडावंसं वाटत नाही. अशा वेळी युनिस्पोर्टची व्यायामशाळा आणि सोबतीला कुणीतरी, याने खरंच फरक पडतो. आणि मन फारच उदास असेल तर एकट्याने सोसू नका. विद्यार्थ्यांसाठी १९५४पासून 'वायटीएचएस' ही स्वतंत्र आरोग्यसेवा आहे. तिथे डॉक्टर, दंतवैद्य आणि मानसोपचार, तिन्ही मिळतं. तपासणीला वेगळी फी नाही, पण वेळ घेऊन न कळवता गैरहजर राहिलात तर दंड बसतो.

येत्या ऑगस्टमध्ये पदवीसाठी येणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा. या सेवेचं सत्राचं शुल्क 'केला'कडे आपणहून भरायचं असतं, बिल घरी येत नाही. शरद सत्राची मुदत ३० सप्टेंबर, वसंत सत्राची ३१ जानेवारी.