टाचणी, सेफ्टी पिन आणि बाकीच्या पिना

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी अंकात टाचणीवर लिहावे, कारण आपल्या प्रत्येकाच्या कंपासपेटीत ती होती आणि ती नीट वापरायला मात्र फार थोडे जण शिकले.

कापडाला टाचणी शिलाईच्या रेषेला आडवी लावावी. साध्या शिवणीला पाच-सहा सेंटिमीटरवर एक पुरते, गोलाईवर अंतर निम्मे करावे. मशीनची सुई जवळ येण्याआधी ती काढायचीच. सुई तिच्यावर आदळली तर टोक बोथट होते आणि मग टाके गळू लागतात. रेशमात भोक बुजत नाही, म्हणून तिथे बारीक टाचणी घ्यावी आणि तीही शिलाईच्या बाहेर सोडलेल्या मायेत टोचावी. गंजलेली टाचणी सरळ फेकून द्यावी, तिचा डाग सहसा निघत नाही.

सेफ्टी पिनचे पेटंट वॉल्टर हंट यांनी १८४९ मध्ये घेतले. तारेच्या वेटोळ्यातला ताण आणि टोक झाकणारी टोपी, एवढ्यावर ती चालते. तलम कापड त्या वेटोळ्यात अडकून फाटते. त्यावर उपाय सोपा आहे: पिन उघडून आधी एक बारीक मणी वेटोळ्यापर्यंत ओवावा, मग कापड टोचावे. ताण गेलेली पिन वाकवून पुन्हा वापरू नये, ती नको तेव्हा उघडते.

स्टेपलरच्या पाकिटावरच्या २४/६ मधला २४ हा तारेचा गेज म्हणजे जाडीचे माप, तर ६ म्हणजे पायांची मिलिमीटरमधली लांबी. गठ्ठा जाड झाला की पाय पलीकडे पोचून दुमडत नाहीत, वेडेवाकडे वळून अडकतात. खालची पट्टी फिरवता येत असेल तर ती फिरवून पाहा: पाय बाहेरच्या बाजूला वळतात आणि पिन कागद न फाटता सहज निघते. तात्पुरत्या कागदांसाठी ही सोय फार मोलाची आहे.

बोलण्यातही पिन आहेच. कुणी ‘पिन मारतो’, कुणाची एकाच विषयावर ‘पिन अडकते’. ही दुसरी पिन ग्रामोफोनच्या तबकडीच्या खाचेत अडकणाऱ्या सुईवरून आली.

प्लगची तिसरी पिन सर्वांत लांब असते, कारण अर्थिंग आधी जोडले जावे आणि शेवटी सुटावे. सॉकेटमध्ये बसत नाही म्हणून ती कापणे धोक्याचे आहे. सॉकेटमध्ये सैल बसणाऱ्या पिना तापतात, ठिणग्या उडतात. असा प्लग किंवा सॉकेट त्याच दिवशी बदलावा.