अमेरिकेतलं माझं पहिलं मत

आमच्या चर्चमध्ये राजकारणाला खरोखरची बंदी असते असा दिवस एकच, निवडणुकीचा. टेक्सासात मतदान केंद्राच्या दारापासून १०० फुटांच्या आत प्रचार चालत नाही, आणि या भागाचं मतदान केंद्र म्हणजे आमच्या चर्चचा मागचा हॉल. सकाळी पार्किंगमध्ये पाटी ठोकली जाते. तिच्या अलीकडे उमेदवाराच्या नावाची टोपी नको, बिल्ला नको, टी-शर्ट नको. एरवी आमचे आम्ही मोकळे.

तसा कागदावर आणखी एक कायदा आहे, १९५४ सालचा. टेक्सासचेच सिनेटर लिंडन जॉन्सन यांनी तो आणला: करमाफी हवी असेल तर चर्चनं कुठल्या उमेदवाराची बाजू घ्यायची नाही. आमच्या पाळकबाई (म्हणजे पास्टर) तो काटेकोर पाळतात. व्यासपीठावरून त्यांनी आजवर एकाही पुढाऱ्याचं नाव घेतलेलं नाही. पण राजकारण व्यासपीठावरून कुठे येतं? ते मागच्या बाकांवरून येतं, कॉफीच्या थर्मासजवळून येतं.

आम्ही इथे आलो २०१६ च्या ऑगस्टमध्ये. ह्यूस्टनपासून दोन तासांवरचं गाव, मराठी घर आमचं एकच. घरापासून चालत जाता येईल असं चर्च हे मेथडिस्टांचं, म्हणजे एका प्रोटेस्टंट पंथाचं, म्हणून आम्ही मेथडिस्ट झालो. याहून खोल कारण नाही. नगरच्या आमच्या मंडळीनं (म्हणजे तिथल्या चर्चनं) दिलेलं सभासदत्वाचं पत्र मी सोबत आणलं होतं, वर मराठी, खाली इंग्रजी, कोपऱ्यात जांभळा गोल शिक्का. (नगरचं आता अहिल्यानगर झालंय, पण आईच्या तोंडी नगरच.) ऑफिसातल्या बाईंनी ते पत्र दोन्ही हातांत धरून पाहिलं आणि विचारलं, तुमच्याकडे ख्रिस्ती लोक कधीपासून? मी म्हटलं, नगरला तुमचेच मिशनरी आले होते, १८३१ साली. त्या खूश झाल्या. पत्राची झेरॉक्स काढून फाइलला लावली. ती फाइल पुढे कामी येणार होती.

पहिल्याच रविवारी डोळ्यांना खटकले ते झेंडे. वेदीच्या एका बाजूला अमेरिकेचा, दुसऱ्या बाजूला ख्रिस्ती झेंडा, म्हणजे पांढरा, कोपऱ्यात निळ्या चौकोनात लाल क्रूस. आमच्याकडे २६ जानेवारीला आवारात झेंडावंदन व्हायचं, लाडू मिळायचा आणि झेंडा उतरवून कपाटात जायचा. इथे तो उपासनेत वर्षभर उभा. तीनचार महिन्यांत मला तो दिसेनासाही झाला, इतकी सवय झाली. मग २०२१ मध्ये गालिचा बदलायचा म्हणून दोन्ही झेंडे स्टोअररूममध्ये गेले. नवा गालिचा आला, झेंडे आत राहिले. पाळकबाई म्हणाल्या, विसरले. निम्म्या मंडळीनं ते खरं मानलं. पुढच्या रविवारी एका माजी सैनिकानं स्वतः स्टोअररूम उघडून झेंडा आणून उभा केला, आणि अर्धे लोक टाळ्या वाजवत उभे राहिले, अर्धे गीतांच्या पुस्तकात पाहत बसले. मी पुस्तकात पाहत होते. कोण कुठे पाहत होतं ते सगळ्यांनी पाहिलं.

त्याच्या आधीचं वर्ष मास्कचं. पाळकबाईंनी मास्क सक्तीचा केला तेव्हा दोन कुटुंबं रस्त्यापलीकडच्या बॅप्टिस्ट चर्चला निघून गेली. निवडणुकीचंही वर्ष तेच, २०२०. आमच्या उपासनेत ‘प्रार्थनेच्या विनंत्या’ असा एक भाग असतो: कुणाचं गुडघ्याचं ऑपरेशन, कुणाच्या नातवाची परीक्षा. त्या वर्षी त्यात ‘आपल्या देशासाठी’ ही विनंती शिरली. ती डावीकडच्या बाकावरून आली की अर्थ एक, उजवीकडून आली की दुसरा. ‘सत्तेवरच्यांना सद्बुद्धी मिळो’ म्हटल्यावर सगळे आमेन म्हणायचे, पण काही जण जरा जास्तच मोठ्यानं. मला आपली भिशीतली टोमणेबाजी आठवायची. फरक इतकाच, की इथे टोमणा देवाच्या मार्फत यायचा.

तेव्हा वरवर जो वाद आला तो वेगळाच होता. आमचं चर्च ज्या पंथाचं, त्या युनायटेड मेथडिस्ट चर्चच्या नियमपुस्तकात १९७२ पासून लिहिलेलं होतं की समलिंगी संबंध ख्रिस्ती शिकवणुकीशी विसंगत आहेत. अशा व्यक्तींना पाळक करायचं नाही, अशी लग्नं लावायची नाहीत, हे नियम नंतर आले. २०१९ मध्ये सेंट लुईसच्या सर्वसाधारण परिषदेत ते नियम आणखी कडक करायचा ठराव ४३८ विरुद्ध ३८४ मतांनी मंजूर झाला. गंमत बघा, जिंकले ते परंपरावादी आणि पुढे बाहेर पडायला निघाले तेही तेच. कारण अनेक ठिकाणी नियम पाळलेच जात नव्हते, आणि वारं कुठे वाहतंय ते त्यांना दिसत होतं. त्याच परिषदेनं नियमपुस्तकात २५५३ क्रमांकाचं कलम घातलं: या प्रश्नावर ज्या मंडळीला बाहेर पडायचं असेल तिनं २०२३ संपायच्या आत पडावं. हजर सभासदांपैकी दोन तृतीयांश मतं हवीत. शिवाय पैसे भरायचे, वरच्या संस्थेला द्यायची दोन वर्षांची वर्गणी आणि पाळकांच्या पेन्शनचा वाटा. तसं केलं तरच इमारत आपली. कारण मेथडिस्टांत चर्चची जागा मंडळीच्या नावावर असली तरी ती संपूर्ण पंथासाठी विश्वस्त म्हणून धरलेली असते.

हे कळल्यावर मी पप्पांना फोन केला. पप्पा आमच्या पास्टोरेट कमिटीवर, म्हणजे चर्चच्या कारभारी मंडळावर, बारा वर्षं होते, त्यामुळे चर्चची जागा, ट्रस्ट, कोर्टाची तारीख हे शब्द आम्ही शब्बाथशाळेच्या (मुलांच्या रविवारच्या बायबलवर्गाच्या) आधी शिकलो. ते म्हणाले, “अगं, आपल्याकडे भांडण जमिनीवरून सुरू होतं आणि मग त्याला शास्त्रातलं वचन शोधतात. तिथे वचनापासून सुरू होऊन जमिनीवर आलं. पोचले ना एकदाचे?”

आजोबा असते तर आणखी खूश झाले असते. १९७० च्या नोव्हेंबरात नागपुरात सहा पंथ एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं, तेव्हा अमेरिकी परंपरेतल्या मेथडिस्टांनी ऐन वेळी अंग काढून घेतलं होतं. आजोबा ते शेवटपर्यंत विसरले नाहीत. मेथडिस्ट म्हटलं की म्हणायचे, “मांडवातून उठून गेलेली माणसं.”

इथल्या माणसांना उठून जायची सवय त्याहून जुनी. आमच्या चर्चच्या पायऱ्यांजवळ एक कोनशिला आहे, तिच्यावर कोरलंय ‘एम. ई. चर्च, साउथ’, एम. ई. म्हणजे मेथडिस्ट एपिस्कोपल. मला आधी वाटलं, गावाच्या दक्षिणेचं चर्च असेल. तसं नाही. १८४४ मध्ये जॉर्जियाचे बिशप जेम्स अँड्र्यू यांच्याकडे गुलाम होते, म्हणून परिषदेनं त्यांना काम थांबवायला सांगितलं. दक्षिणेतल्या मेथडिस्टांनी त्यावर वेगळी चूल मांडली. ती मिटायला १९३९ साल उजाडलं, आणि तेव्हाही काळ्या लोकांच्या मंडळ्या वेगळ्या विभागात टाकल्या, तो विभाग १९६८ मध्ये गेला. त्या दगडाला टेकून आमची मुलं ईस्टरचे फोटो काढतात.

आमचं मतदान २०२२ च्या ऑक्टोबरात, त्याच मागच्या हॉलमध्ये. ग्रीन कार्ड असलं तरी देशाच्या निवडणुकीत मला मत नाही, त्या हॉलमध्ये निवडणुकीच्या दिवशी मी फार तर कॉफी देणार. पण त्या रविवारी दारातल्या बाईंनी यादीवर बोट फिरवलं, माझ्या नावाशी थांबल्या, आणि माझ्या हातात गुलाबी चिठ्ठी आली. नगरच्या जांभळ्या शिक्क्यानं मला टेक्सासात मतदार केलं होतं.

बाहेर पडायचं का, हो की नाही. एवढंच. पेन्सिल छोटी, गोल्फवाले वापरतात तसली. माझ्या शेजारी बसल्या होत्या त्या आजी, ज्यांनी आम्ही आल्याच्या दुसऱ्या दिवशी पीच कॉबलर (पीच घालून भाजलेला गोड पदार्थ) आणून दिलं होतं, आणि माझ्या बाळंतपणात तीन आठवडे जेवण कोण कधी देणार याची यादी केली होती. त्यांनी चिठ्ठीवर हात आडवा धरून खूण केली, शाळेत आपण पेपर झाकतो तसा. मी पण झाकली. आम्ही एकमेकींकडे पाहून हसलो आणि दोघींना दोघींचं उत्तर माहीत होतं.

मी ‘नाही’वर खूण केली. आई आठवडाभर फोनवर विचारत होती, शास्त्रात काय लिहिलंय ते वाचलंस ना? मी हो हो म्हणत राहिले. (आई, तू हे वाचशील तेव्हा आपण बोलूच.) माझं कारण धर्मशास्त्राचं होतं असा आव मी आणत नाही. आमच्या गायकवृंदात एक मुलगा होता, विशीतला, उत्तम टेनर, म्हणजे वरच्या पट्टीत गाणारा. त्याच्याबद्दल हा सगळा ठराव होता आणि ते सगळ्यांना माहीत होतं. नावासकट बोललं मात्र कुणीच नाही. तो त्या दिवशी हॉलमध्ये आला नाही, गाडीत बसून राहिला. त्याचे आईवडील आत होते, आणि त्याच्या वडिलांनी, मला वाटतं, ‘हो’ म्हटलं.

१९७ मतं पडली. बाहेर पडायला १२८, विरुद्ध ६९. दोन तृतीयांशासाठी १३२ हवी होती. चार कमी. आकडे वाचून झाल्यावर कुणी टाळी वाजवली नाही. जे बहुमतात होते ते हरले होते, आणि जिंकलेल्यांना ते जेमतेम एक तृतीयांशच आहेत हे प्रथमच आकड्यात दिसलं होतं. कॉबलरवाल्या आजी उठल्या आणि कागदी कप गोळा करायला लागल्या.

नाताळच्या आत शंभरएक माणसं गेली. त्या वर्षी १ मे ला परंपरावाद्यांनी ग्लोबल मेथडिस्ट चर्च सुरू केलं होतं. आमच्यातून गेलेले त्यात सामील झाले आणि शाळेच्या कॅफेटेरियात उपासना करायला लागले. देशभर अशा साडेसात हजारांहून जास्त मंडळ्या, म्हणजे युनायटेड मेथडिस्टांच्या अमेरिकेतल्या साधारण पाव मंडळ्या, बाहेर पडल्या. राहिलेल्यांनी २०२४ च्या मे महिन्यात शार्लटच्या परिषदेत पाळकांवरची बंदी ६९२ विरुद्ध ५१ मतांनी उठवली. सेंट लुईसला जे चार दिवस चाललं ते इथे चर्चेविना झालं. विरोध करणारे फारसे उरलेच नव्हते.

आमच्या वाट्याला इमारत आली. इमारत म्हणजे गळकं छप्पर, तीन एसी, आणि चारशे माणसांच्या देवळात रविवारी साठ माणसं. गायकवृंदातून बेस आवाजाचे दोघे गेले. टेनरवाला मुलगा? तोही गेला, ऑस्टिनला, नोकरीसाठी. झेंडे दोन्ही तिथेच आहेत. ते हलवायचा विषय काढायची आता कुणालाच हौस नाही.

२०२४ च्या नोव्हेंबरात हॉलमध्ये पुन्हा मतदान. पाटी ठोकली, रांग लागली. गेलेलेही आले, त्यांचंही केंद्र हेच ना. मी स्वयंपाकघरात कॉफीवर होते. कॉबलरवाल्या आजी मत देऊन सरळ आत आल्या, खालचं कपाट उघडलं आणि मागच्या रांगेतून स्वतःचं काचेचं भांडं काढलं. त्यावरच्या चिकटपट्टीवरचं नाव अजून वाचता येत होतं. “दोन वर्षं शोधतेय,” त्या म्हणाल्या.

“थांबा,” म्हणून मी ते त्यांच्या हातातून घेतलं, पुसलं आणि टेबलावरचे चार डोनट त्यात ठेवले. “आमच्याकडे भांडं रिकामं परत देत नाहीत.”

त्यांनी डोनटकडे पाहिलं, मग दाराबाहेरच्या रांगेकडे. “ही लाच तर नाही ना?”

“तुमचं मत देऊन झालंय,” मी म्हटलं.

“हो,” त्या म्हणाल्या आणि एक डोनट तिथेच उभ्या उभ्या खायला लागल्या.