बत्तीस एमबी

टॅक्स ऑडिटची ३० सप्टेंबर डोक्यावर आणि गिरगावातल्या एका सीए ऑफिसातून एका क्लायंटचा अख्खा फोल्डर गायब. साहेबांचा निकाल मी जिना चढायच्या आधीच लागला होता : गुरुवारी भांडून गेलेल्या आर्टिकलच्या (म्हणजे सीए होण्यासाठी ऑफिसात शिकाऊ असलेल्या) पोराने उडवला. ''तुम्ही फक्त पुरावा काढून द्या.''

बॅकअप एप्रिलचा. 'सर्व्हर' म्हणजे रिसेप्शनच्या टेबलाखालचा पीसी, सगळ्यांना एकच पासवर्ड, सगळा डेटा सी ड्राइव्हवर. त्यात शनिवारी कोणा स्वस्तातल्या माणसाला बोलावून त्याच ड्राइव्हवर रिकव्हरीचं सॉफ्टवेअर चढवलेलं, आणि सापडलेल्या हजारो फायलीही तिथेच उतरवलेल्या; म्हणजे उडालेल्या फायलींच्या जागेवरच नवं लिहिलं जाणार. असल्या माणसांना बंदी घालायला हवी.

एनटीएफएस (विंडोजची फायली साठवायची नेहमीची पद्धत) ड्राइव्हवर विंडोज एक छुपं जर्नल, म्हणजे नोंदवही, ठेवतं. कुठली फाइल कधी बनली, कधी नाव बदललं, कधी डिलीट झाली, एवढीच त्यात नोंद; फाइलमधला मजकूर नाही आणि कोणी केलं तेही नाही. 'हिडन फायली दाखवा' केलं तरी ते दिसत नाही. मी ते उघडण्याआधी त्याचा आकार बघतो, कारण जर्नल किती मागचं सांगू शकेल हे आकारावर ठरतं. कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून 'एफएसयूटिल यूएसएन क्वेरीजर्नल' दिलं. मॅक्सिमम साइझ : हेक्समध्ये (सोळाच्या पटीत मोजायच्या पद्धतीत) २०,००,०००, म्हणजे ३२ एमबी. एक नोंद साधारण शंभर बाइट धरली तर तीनेक लाख नोंदी. ऐकायला भरपूर वाटतं, पण एक विंडोज अपडेट त्यातला मोठा घास घेतं. मर्यादा भरली की जुन्या नोंदी मागून गळत जातात.

सगळ्यात जुनी शिल्लक नोंद निघाली शनिवार दुपारची. त्या रिकव्हरीवाल्याच्याच फायलींची. गुरुवार केव्हाच गळून गेला होता.

''म्हणजे त्या पोराने जर्नलच पुसलं!'' साहेब खुर्चीतून उठलेच.

याचं उत्तर मात्र माझ्याकडे होतं. त्याच कमांडमध्ये जर्नलचा आयडी येतो. तो लांबलचक आकडा म्हणजे जर्नल तयार झाल्याची वेळ असते, १ जानेवारी १६०१ पासून शंभर-शंभर नॅनोसेकंदांत मोजलेली. जर्नल डिलीट करून नव्याने बनवलं तर आयडी बदलतो. इथला आयडी उलगडला तर विंडोज टाकलं तोच दिवस आला. ''साहेब, जर्नलला कोणी हात लावलेला नाही. ते नेहमीसारखं भरलं आणि जुनं गेलं. तेही शनिवारी, तुमच्याच माणसामुळे.''

शेवटचं वाक्य त्यांना आवडलं नाही.

रिपोर्ट लिहिला : शनिवारच्या आधीचं या जर्नलवरून काहीच सांगता येत नाही, आणि जर्नल पुसल्याची खूण नाही. संध्याकाळी फोन. ''दुसरं वाक्य काढा ना. पहिलं पुरे आहे.'' नुसतं पहिलं राहिलं तर वाचणारा काय समजेल हे त्यांना ठाऊक होतं, मलाही. मी काढलं नाही. बिल अजून अडकलंय, ते एक असो. पण त्या पोराच्या आर्टिकलशिपच्या कागदांवर साहेबांची सही झाली का, हे विचारायला मला तोंड नाही. मी त्याला कधी भेटलोही नाही. आणि फोल्डर त्यानेच उडवला असेल, हेही शक्य आहेच.