गरम झाली की बंद पडणारी चारचाकी

न्यूझीलंडच्या डेअरी फार्मवर कामाला लागलात की ट्रॅक्टरच्याही आधी क्वाड बाइक हाती येते. चार फुगीर चाकं, मोटारसायकलचं हँडल, आणि ॲक्सिलरेटर मुठीत नाही, अंगठ्याखाली. चाकांत हवा जेमतेम चार-पाच पीएसआय, म्हणून चिखलात रुतत नाही. श्रावणातल्या आपल्या पांदणीतून खताची पोती घेऊन आरामात निघाली असती.

आमच्याकडची जुनी गाडी मालक भंगारात काढणार होता. इथे मेकॅनिकची मजुरी तासावर. दोष शोधण्यातच गाडीच्या किमतीएवढा खर्च होतो. रोग असा: सकाळी बटण दाबलं की चालू. कुंपणाला फेरी मारून इंजिन तापलं की बंद. अर्धा तास गेला की पुन्हा गुमान चालू.

गावच्या मिस्त्रीकाकांना व्हिडिओ कॉल लावला. इथं संध्याकाळचे पाच, तिकडं सकाळचे साडेदहा. जून महिना, त्यांच्या दुकानात पेरणीआधीची गर्दी. मी कौतुकानं प्लगची निळी ठिणगी दाखवली.

"थंड्या गाडीले काय पायतं बाबू? बंद पडली का मंग पाय."

बंद पडल्यावर पाहिलं. प्लग हेडला टेकवून स्टार्टर मारला, ठिणगी नाही. नवा प्लग, तेच. मग त्यांनी सीडीआयकडं, म्हणजे ठिणगी पाडणाऱ्या इलेक्ट्रॉनिक डबीकडं, जाणारी किल स्विचची वायर सोडवायला लावली. हा सीडीआय मॅग्नेटोच्या, म्हणजे इंजिनाबरोबर फिरून वीज बनवणाऱ्या भागाच्या, कॉइलवर चालतो आणि किल स्विच ती लाइन अर्थ करून इंजिन बंद करतो; स्विचमध्ये पाणी शिरलं तरी ठिणगी मरते. तेही नव्हतं. शेवटी ठिणगी कधी पाडायची याचा इशारा देणाऱ्या पल्सर कॉइलला मल्टिमीटर लावला: गार असताना रीडिंग येतं, तापल्यावर वायर तुटल्यासारखं काहीच नाही. आतली बारीक तार उष्णतेनं फाकत होती. कॉइल बदलली, रोग गेला. सीडीआय महाग असतो, आणि पुष्कळ लोक आधी तोच बदलतात.

पुढची चाकं वेगळीच कटकट. फ्रेमखाली जॅक लावून चाक वर-खाली हलवलं तर खडखडत होतं. बेअरिंग की बॉल जॉइंट? काका म्हणाले, कोणाले तरी ब्रेक दाबून धरायला सांग. ब्रेकनं बेअरिंगचा खेळ दबतो; दाबूनही खेळ राहिला, म्हणजे बेअरिंग नाही, ए-आर्मचा (चाकाला फ्रेमशी जोडणाऱ्या दांड्याचा) बॉल जॉइंट. त्याची टेपर, म्हणजे घट्ट बसलेली निमुळती दांडी, सुटता सुटेना. नट थोडा ढिला करून तसाच ठेवायचा आणि हातोडा बोल्टवर नाही, नकलच्या (चाक ज्यावर बसतं त्या भागाच्या) कानावर मारायचा. तिसऱ्या फटक्याला टक्कन सुटलं.

हँडलपासून चाकांकडे जाणाऱ्या टाय रॉडची टोकंही झिजलेली होती, तीही बदलली. मग दोन्ही टायरांमधलं अंतर पुढून आणि मागून टेपनं मोजून टो, म्हणजे चाकांची आत-बाहेर वळण, जुळवला, नाहीतर टायर लवकर झिजतात.

ए-आर्मचे बुश अजून कुरिअरमध्ये अडकलेत. ते बसेपर्यंत गाडी सपाटीवरच फिरवायची, उतारावर न्यायची नाही, असा काकांचा हुकूम आहे. मालकालाही तो पटलाय. इथल्या शेतांवरच्या मृत्यूंत क्वाड बाइक उलटणं हे मोठं कारण आहे.