तुम्ही विचारलंत म्हणून : मेंदूत गाठ असलेल्याला पाणी कमी पाजायचं का?

मी प्रयोगशाळेत मेंदूच्या गाठीच्या पेशी वाढवते आणि त्यांच्या अंगावरची पाण्याची दारं तपासते. नातेवाइकांना एवढं ठाऊक आहे, त्यामुळे कुणाला मेंदूचं काही निघालं की फोन मला येतो. माझी डॉक्टरकी औषध लिहून देण्याची नव्हे, हे सांगून आता मी दमले. प्रश्न बहुतेकदा एकच असतो : मेंदूत पाणी साठलंय म्हणतात, मग पाणी कमी पाजायचं का?

गेल्या खेपेला सांगलीकडच्या आत्यानं विचारलं. तिच्या दिरांना ग्लायोब्लास्टोमा होता, म्हणजे मेंदूतली झपाट्यानं वाढणारी कर्करोगाची गाठ. "पानी तोडलंय बघ आमी. दिसाला दोन फुलपात्री." वॉर्डात शेजारच्या कॉटवरच्या पेशंटच्या माणसांनी सुचवलेलं. दिरांना सूज उतरवायला डेक्सामेथासोन चालू होतं. त्यानं रक्तातली साखर चढू शकते आणि साखर चढली की घसा कोरडा पडतो. म्हणजे एकीकडून तहान वाढवायची आणि दुसरीकडून तांब्या लपवायचा. मला राग आला, पण कुणावर काढणार?

तर उत्तर : नाही. उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी स्वतः सांगितल्याशिवाय पाणी तोडू नका. प्यायलेलं पाणी उचलून गाठीत जात नाही, जास्तीचं असेल ते मूत्रपिंडं बाहेर टाकतात. गाठीभोवतीचं पाणी येतं ते गाठीच्या स्वतःच्या रक्तवाहिन्यांतून. घाईघाईनं वाढवलेल्या त्या वाहिन्या गळक्या असतात. रक्तातला द्रव त्यांतून पाझरून पेशींच्या मधल्या फटींत साचतो. डेक्सामेथासोन मुख्यतः ही गळती कमी करतं.

आत्या शेतकरी. म्हणून तिला दारं धरण्यावरून सांगितलं. पाटाचं पाणी सरीत घ्यायचं तर दार फोडावं लागतं, नाहीतर ते मातीतून मुरत मुरत जातं. पेशीचंही तसंच आहे. तिची भिंत स्निग्ध, त्यातून पाणी मुरतं पण हळू. भराभर न्यायचं तर दार हवं. हे दार म्हणजे अ‍ॅक्वापोरिन हे प्रथिन. ते अमेरिकेतल्या बॉल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात पीटर अ‍ॅग्र यांना सापडलं, तेही रक्तगटाचं भलतंच प्रथिन शोधताना. १९९२ साली त्यांच्या गटानं ते बेडकाच्या अंड्यांत घडवून आणलं आणि अंडी पातळ द्रावात सोडली. साधी अंडी तशीच राहिली, दारं असलेली फुगून फुटली. २००३ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये अ‍ॅग्र यांचा वाटा होता तो यासाठी. एका दारातून सेकंदाला सुमारे ३ अब्ज रेणू जातात, आणि तेही एकामागून एक, रांगेनं.

माणसात या दारांचे तेरा प्रकार आहेत. मेंदूतलं मुख्य ते चौथ्या क्रमांकाचं, अ‍ॅक्वापोरिन-४. अ‍ॅस्ट्रोसाइट नावाच्या ताऱ्यासारख्या पेशींचे पाय रक्तवाहिन्यांना बिलगलेले असतात, तिथं ही दारं दाटीनं बसवलेली असतात. ग्लायोब्लास्टोमात ती पुष्कळदा वाढतात आणि जागा सोडतात. पायाशी असायची ती पेशीच्या सगळ्या अंगभर पसरतात.

इथं आत्यानं मला पकडलं. "मग ती दारंच बुजवून टाका की."

हा प्रश्न पाण्यापेक्षा अवघड. २००० साली एक प्रयोग झाला. अ‍ॅक्वापोरिन-४ नसलेले उंदीर तयार केले, त्यांच्या पोटात पाणी टोचून रक्त पातळ केलं. त्यांचा मेंदू साध्या उंदरांपेक्षा कमी सुजला. (म्हणजे पाण्यानं मेंदू सुजतो ही आत्याची शंका अगदीच वेडी नाही, पण त्यासाठी रक्त इतकं पातळ व्हावं लागतं.) मग २००४ मध्ये अशाच उंदरांच्या मेंदूत गाठ वाढवली, तर उलटंच झालं. दारं नसलेल्यांच्या कवटीतला दाब जास्त चढला. कारण रक्त पातळ होतं तेव्हा पाणी दारातून आत येतं. गाठीत ते गळतीतून आलेलं असतं आणि दार हीच त्याची बाहेरची वाट. पाट फुटून वावरात पाणी भरलं असताना खालच्या बांधाचं दार बुजवल्यासारखं ते होईल.

"मग दारं बरी म्हणायची का वाईट?"

दुसरी बाजूही आहेच. ग्लायोब्लास्टोमाच्या पेशी फिरस्त्या. मेंदूचे सर्जन वॉल्टर डँडी यांनी, तेही जॉन्स हॉपकिन्समध्येच, १९२८ साली अशा काही रुग्णांचा अर्धा मेंदू काढला, तरी गाठीनं पाठ सोडली नाही. पेशी आधीच पुढं सरकलेल्या असतात. मेंदूतल्या फटी त्यांच्या अंगापेक्षा कितीतरी अरुंद. शिरायचं तर आधी बारीक व्हायला हवं. त्या क्लोराइड आणि पोटॅशियम बाहेर टाकतात, मागोमाग पाणी जातं, पेशी आक्रसते आणि घुसते. हे झपाट्यानं व्हायला दारं लागतात. २०१४ साली याच विद्यापीठात ३ मायक्रोमीटर रुंदीच्या नळ्यांत गाठीच्या पेशी सोडल्या (मेंदूच्या नव्हे, दुसऱ्या). पेशीचं हालचालीचं नेहमीचं यंत्र औषधानं बंद पाडलं, तरी त्या सरकत राहिल्या. पुढून पाणी घ्यायचं, मागून सोडायचं, एवढ्यावर.

शिवाय बुजवायचं कशानं? पहिलं सापडलेलं दार पाऱ्यानं बंद होतं. पारा कुणाला देणार? आणि अ‍ॅक्वापोरिन-४ पाऱ्यालाही दाद देत नाही. मला स्वतःला बुजवण्यापेक्षा मांडणीत जास्त रस आहे. निरोगी पेशीत ही दारं फरशीसारखी चौकोनी रचून बसतात, गाठीत ती रचना विस्कटते. सुटी दारं पेशीला फिरायला मदत करतात आणि रचून बसलेली तिला मरणाकडं ढकलतात, असं काही प्रयोगांत दिसलंय. हे ताटलीतल्या पेशींत. माणसापर्यंतची वाट लांब आहे आणि माझं अर्धं आयुष्य सूक्ष्मदर्शकाखाली हिरवे ठिपके मोजण्यात जातंय.

हे आत्याला सांगितलं नाही. तिच्या दिरांना याचा काही उपयोग नव्हता. एवढंच म्हटलं, "डॉक्टरांना आज विचार, आणि त्यांनी नको म्हटलं नसेल तर तहान लागेल तसं पाणी दे."

रात्री परत फोन आला. डॉक्टर म्हणे चिडलेच, पाणी कुणी तोडायला सांगितलं म्हणून. मागं दिरांचा आवाज येत होता, बोलणं अडखळत होतं, पण कळत होतं : माठातलं आण, बाटलीतलं नको.