किमरिजचा काळा कडा: डॉर्सेटमध्ये तीन दिवस

प्रयोगशाळेत माझ्यासमोर सोर्स रॉक येतो तो चिमूटभर करड्या भुकटीच्या रूपात. सोर्स रॉक म्हणजे ज्या खडकात तेल आणि वायू जन्माला येतो तो. इतकी वर्षं मी अशी भुकटी भट्टीत घालून आकडे काढतोय, पण भुकटी होण्याआधीचा सलग खडक उघड्यावर कधी पाहिला नव्हता. आपल्याकडे तो दिसणार तरी कुठे? सह्याद्री चढावा तर पायाखाली सगळा काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट. १९७४ साली सापडलेल्या मुंबई हायचं तेल ज्या पन्ना शेलमधून, म्हणजे चिखल दबून झालेल्या पापुद्र्यांच्या खडकातून आलं, तो तर समुद्रतळाखाली गाडलेला. तो भेटतो ड्रिलिंगच्या चुऱ्यात, फार तर हातभर कोअरमध्ये, म्हणजे विहिरीतून काढलेल्या खडकाच्या दांड्यात.

म्हणून सप्टेंबरात साउथॅम्प्टनला भाचीकडे गेलो, तेव्हा तिला आधीच सांगून ठेवलं होतं की मला लंडन दाखवू नकोस, किमरिज दाखव. ती तिथे भूशास्त्र शिकते, त्यामुळे समजावून सांगावं लागलं नाही. भाड्याची गाडी घेतली आणि तीन दिवस काढले.

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरचं डॉर्सेट म्हणजे ज्युरासिक कोस्ट, २००१ पासून जागतिक वारसा. किमरिज हे त्यातलं चिमुकलं गाव, पण तेलाच्या धंद्यात त्याचं नाव घेतलं जात नाही असा दिवस नसेल. उत्तर समुद्रातल्या ब्रेंट, फोर्टीज अशा मोठ्या क्षेत्रांचं तेल ज्या शेलमधून आलं, त्याला या गावावरूनच किमरिज क्ले म्हणतात. वय सुमारे पंधरा कोटी वर्षं. आपल्या देवघरातला शाळिग्राम ज्या काळ्या शेलमधून काली गंडकीत येतो, तोही साधारण त्याच सुमाराचा समुद्रातला गाळ, आणि शाळिग्रामातलं चक्र म्हणजे अमोनाइटचा, एका नामशेष शंखधारी समुद्री जीवाचा ठसा. किमरिजच्या कड्यात चपटे झालेले अमोनाइट दिसले, तेव्हा मला आजीचं देवघर आठवलं.

गाडी लावून खाली उतरलो तर ओहोटी चालू होती. समोर पट्ट्यापट्ट्यांचा कडा. गडद काळपट शेल, करडा मडस्टोन, मध्ये मध्ये पिवळसर डोलोमाइटचे कठीण पट्टे. याच डोलोमाइटच्या फरश्या ओहोटीला समुद्रात दूरवर उघड्या पडतात. मी कड्यापासून अंतर राखून अर्धा तास नुसता बघत उभा होतो. ज्या आकड्यांचे आलेख मी रोज काढतो, त्यांचे चढउतार इथे रंगाने लिहिलेले होते. काळा पट्टा म्हणजे तळाशी प्राणवायू नसलेला समुद्र, वरून पडलेलं शेवाळ न कुजता गाडलं गेलेलं. करडा पट्टा म्हणजे तळ पुन्हा थोडा श्वास घेऊ लागलेला.

कड्यावर हातोडा चालवायचा नाही. हा संरक्षित भाग आहे आणि जमीन खाजगी इस्टेटीची आहे. पण खाली किनाऱ्यावर पडलेला सुटा चपटा तुकडा हातात घेऊन बघायला हरकत नाही. चाकूच्या टोकाने ओरखडा काढा. साधा मडस्टोन असेल तर ओरखडा करडा येतो, सेंद्रिय द्रव्य भरपूर असेल तर तपकिरी. फार श्रीमंत तुकड्याची धार तासली तर पेन्सिलीसारखी साल वळून येते. नाकाशी नेला की डांबरट वास. भाची म्हणाली, "मामा, मग यंत्र कशाला हवं तुला?" प्रश्न बरोबर होता, आणि त्याचं उत्तर खाडीच्या पश्चिम बाजूला कड्यावर मान डोलवत उभं होतं.

तिथे एक तेलविहीर आहे. १९५९ साली खोदलेली, भरात असताना दिवसाला साडेतीनशे पिंपांच्या घरात तेल देणारी. कुंपणाबाहेरून पंप नीट बघता येतो. खाली सोर्स रॉकचा काळा कडा, वर तेल उपसणारा पंप. बघणारा प्रत्येक जण दोघांची सांगड घालतो. मीही विद्यार्थी असताना घातली होती. पण पंपातलं तेल या कड्याच्या खडकाचं नाही. ते सुमारे अर्धा किलोमीटर खाली, कॉर्नब्रॅश नावाच्या भेगाळलेल्या चुनखडीतून येतं, आणि तिथे ते पोचलं त्याहूनही खालच्या लायस शेलमधून. लायस हा किमरिज क्लेपेक्षा चारपाच कोटी वर्षांनी जुना. पायाशी पसरलेल्या किमरिज क्लेने इथे तेल दिलेलंच नाही, कारण तो कधी पुरेसा शिजलाच नाही, म्हणजे तेल सुटण्याइतका खोल गाडला जाऊन तापलाच नाही.

सोर्स रॉक तपासायचा म्हणजे तीन गोष्टी विचारायच्या: माल किती, कोणता आणि किती शिजला. माल किती ते टीओसी सांगतं, म्हणजे खडकातल्या सेंद्रिय कार्बनची टक्केवारी. अर्ध्या टक्क्याखाली असेल तर सोडून द्यावा, दोनच्या वर उत्तम, चारच्या वर तर काय बोलायचं. किमरिजच्या कड्यात चारच्या वरचे थर कितीतरी आहेत, आणि ब्लॅकस्टोन नावाच्या पट्ट्यात तर काही ठिकाणी निम्म्याहून अधिक खडक सेंद्रिय कार्बनच आहे. इथले लोक तो कोळसा म्हणून चुलीत जाळत, आणि रोमन काळात त्याची कडी-कांकणं कातत.

कोणता माल, ते रॉक-इव्हॅल सांगतं, म्हणजे भुकटी तापवून मोजणारं यंत्र. चिमूटभर भुकटी तीनशे अंशांवर धरली की आधीच तयार असलेले हायड्रोकार्बन बाहेर पडतात, तो एस-वन. मग तापमान चढवत नेलं की केरोजेन, म्हणजे खडकातलं घट्ट सेंद्रिय द्रव्य, फुटून जे निघतं तो एस-टू. एस-टूला टीओसीने भागून शंभराने गुणलं की हायड्रोजन इंडेक्स. समजा टीओसी ४ टक्के आणि एस-टू दर ग्रॅमला २० मिलिग्रॅम, तर इंडेक्स ५००. म्हणजे समुद्री शेवाळाचा, तेल देणारा टाइप-टू केरोजेन. आकडा दीडशेच्या आसपास घुटमळला तर लाकूडपाल्याचा माल, त्यातून मुख्यतः वायू. आपल्या पन्ना शेलमध्ये जमिनीवरून वाहून आलेला माल बराच असतो, म्हणून तिथे एकाच थराचे आकडे विहिरीगणिक बदलतात. किमरिजचा इंडेक्स मात्र पाचशे-सहाशे सहज दाखवतो.

आणि किती शिजला, ते टी-मॅक्स आणि विट्रिनाइटची, म्हणजे खडकातल्या लाकडाच्या कणांची चमक. एस-टूचं शिखर ज्या तापमानाला येतं तो टी-मॅक्स. ४३५ अंशांच्या आसपास तेलाची खिडकी उघडते, म्हणजे खडक तेल देऊ लागतो, ४६०-७० च्या पुढे मिटते. डॉर्सेटच्या किमरिज क्लेचा टी-मॅक्स ४२० च्या आसपास राहतो. माल गच्च, शिजवण शून्य. हाच खडक उत्तर समुद्राखाली तीन-चार किलोमीटर गाडला गेला, आणि तिथे त्याने अख्खे देश पोसले. नाव एक, थर एक. फरक कुठे पडला, ते भाचीला त्या पंपाकडे बघत सांगताना मलाच नव्याने पटलं. ओरखडा आणि वास पहिल्या प्रश्नापुरते चालतात, तिसऱ्याला यंत्राशिवाय उत्तर नाही.

दुपारी गावातलं एचेस कलेक्शन पाहिलं. स्टीव्ह एचेस या प्लंबिंगचं काम करणाऱ्या गृहस्थांनी आयुष्यभर याच कड्यातून जमवलेले जीवाश्म तिथे आहेत, संग्रहालय २०१६ मध्ये उघडलं. २०२२ मध्ये मिळालेली प्लायोसॉर या शिकारी समुद्री सरीसृपाची दोन मीटर लांब कवटीही तिथेच. तासभर तरी हातात ठेवा. कवटीपेक्षा मी जास्त वेळ बघत राहिलो ते चपट्या झालेल्या बारीकसारीक जीवांकडे. तळाशी प्राणवायू नव्हता म्हणून ते टिकले, आणि त्याच कारणाने सेंद्रिय द्रव्यही टिकलं.

आता जाणाऱ्यांसाठी. ट्रेनने येणार असाल तर लंडन वॉटर्लूहून वेअरहॅमला उतरा, सव्वादोन-अडीच तास लागतात. पुढे खाडीपर्यंत सोयीची बस नाही, टॅक्सी सांगून ठेवावी लागते. गाडी असेल तर खाडीकडे उतरणारा रस्ता खाजगी आहे, टोल द्यावा लागतो. भरती-ओहोटीचं वेळापत्रक आदल्या रात्री बघा आणि पाणी उतरत असतानाच चालायला लागा. पूर्वेकडे ब्लॅकस्टोनच्या दिशेने किनाऱ्याने जाण्याचा मोह होतो, पण भरतीला परतीची वाट पाण्याखाली जाते आणि कड्यावर चढायला जागा नाही. आम्ही तिकडे किनाऱ्याने गेलोच नाही, वरच्या पायवाटेने गेलो. कड्याच्या पायथ्याशी बसून डबा खाऊ नका, दगड सुटतात, हेल्मेट हवंच. पश्चिमेला लष्कराचं गोळीबाराचं क्षेत्र लागतं, ते बहुतेक शनिवार-रविवारी उघडं असतं, पण लाल निशाण वर असेल तर मागे फिरा. आणि तुकडा पेटतो का ते बघायला काडी ओढू नका. इथून पश्चिमेला रिंगस्टेडचा कडा १८२६ मध्ये आपोआप पेटला आणि पुढे काही वर्षं धुमसत राहिला.

संशोधनासाठी नमुने हवे असतील तर जमीनमालक आणि निसर्गसंरक्षण खातं, दोघांची लेखी परवानगी आधी घ्या. परवानगी मिळाली तर कड्याचा वरचा पापुद्रा घेऊ नका. हवा-पाणी लागलेल्या शेलवर जिप्समचे स्फटिक आणि पिवळा लेप दिसतो, म्हणजे पायराइट हे लोह-गंधकाचं खनिज गंजलाय आणि त्याबरोबर सेंद्रिय द्रव्यही झिजलंय. मघाचाच ४ टक्क्यांचा खडक झिजून ३.५ वर आला आणि एस-टू १० वर, तर इंडेक्स ५०० वरून २८६ वर घसरतो आणि तेलाचा खडक कागदावर अर्धा वायूचा दिसायला लागतो. अशा नमुन्यांवरून काढलेले निष्कर्ष मी तपासलेत, म्हणून पोटतिडकीने सांगतोय: ताजा, घट्ट थर लागेपर्यंत आत खणा. दुसरं, फक्त काळेभोर पट्टे वेचू नका. ब्लॅकस्टोन जेमतेम मीटरभर जाड, आणि किमरिज क्ले इथे सुमारे ५०० मीटर. तेलाचा हिशोब मधल्या साधारण थरांवर ठरतो. ठराविक अंतरावर, आवडनिवड न करता घेत जा. ताजा, न झिजलेला खडकच हवा असेल तर १९९६-९७ च्या सुमारास स्वॉनवर्थ खाण आणि मेदरहिल्स इथे खोदलेल्या कोअरवर छापलेलं काम आधी वाचून या. कड्यावरचा प्रत्येक थर त्या कोअरशी जुळवता येतो.

दुसऱ्या दिवशी लायस बघायला चारमथला गेलो, गाडीने दीड-पावणेदोन तास. वाटेत लुलवर्थला स्टेअर होल पाहिलं. तिथे चुनखडीचे थर गोधडीच्या घड्यांसारखे दुमडलेत. ज्या हालचालीने त्या घड्या पडल्या, तिनेच हा सगळा भाग वर उचलला आणि खाली शिजत असलेल्या लायसखालचा विस्तव विझला. त्याआधीच पुरेसं तेल सुटून वरच्या खडकांत शिरलं होतं. त्यातलंच किमरिजच्या पंपात, आणि त्यातलंच जवळच्या विच फार्ममध्ये, जे पश्चिम युरोपातलं जमिनीवरचं सर्वांत मोठं तेलक्षेत्र.

चारमथचा कडा मऊ, चिखलाळ आणि सतत घसरणारा. पाऊस पडून गेला असेल तर त्याच्या जवळही जाऊ नका. एकोणिसाव्या शतकात जीवाश्म शोधणाऱ्या मेरी ॲनिंगने याच किनाऱ्यावर इक्थिओसॉर आणि प्लेसिओसॉर हे समुद्री सरीसृप शोधले. सुटे जीवाश्म उचलायला इथे परवानगी आहे, कडा खणायला नाही. दिसायला हा शेल किमरिजपुढे अगदी गरीब वाटतो. भाचीला मी विचारलं, यातला तेल देणारा कोणता? ती हसली आणि पायाखाली बोट दाखवलं. किनाऱ्यावर उघडा पडलेला हा लायसही कच्चाच आहे बरं; शिजला तो दक्षिणेला खोल गाडलेला.

तिसऱ्या दिवशी परतताना ऑस्मिंग्टन मिल्स. इथे बेनक्लिफ ग्रिट नावाचा वाळूचा खडक आहे, त्यात मोठमोठे गोल गोळे. ओहोटीला गेलात तर त्याच्यावर तपकिरी डाग दिसतात, काही जागी तेल अजून पाझरतं. हा थांबा शेवटीच ठेवा. आधीचे दोन कडे बघितल्यावर तिथला वास घेण्यात वेगळी गंमत आहे. भाचीने ओली वाळू बोटांत चोळली, हुंगली आणि माझ्यासमोर धरली. हॉर्लिक्सच्या रिकाम्या बरणीत आजोबा रॉकेल ठेवत, त्या बरणीचा वास. आम्ही बराच वेळ बोललो नाही. मग पाणी चढायला लागलं आणि तिने मला हाताला धरून वर आणलं.